आडवी बाटली, उभा ग्लास

मैत्रिणींनो, आधीच कबूल करून टाकते. मी बिअर मिळते त्या ठिकाणी जाऊन आले. नुसती दारातून डोकावले असं नाही, तर चांगली दीड तास बसले. तेही अमेरिकेत आणि माझ्या सख्ख्या भाचीबरोबर. आमच्या वॉर्डातल्या बायकांना हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याच तोंडून कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

याचं कारण असं की मी चंद्रपूर जिल्ह्यातली. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधान भवनावर दारूबंदीसाठी बायकांचा पायी मोर्चा निघाला, त्यात मीही चालले होते. पायाला फोड आले, चपलेचा अंगठा तुटला, तो सुतळीनं बांधला. आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली तेव्हा आम्ही चौकात पेढे वाटले होते. पुढे २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, असं कारण दिलं. जुलैत दुकानांचे शटर वर गेले तेव्हा लोकांनी बाटल्यांना हार घालून आरत्या केल्याचे फोटो पेपरात आले. त्या दिवशी मी स्वयंपाकच केला नाही. सध्या आमच्या वॉर्डात ‘आडव्या बाटली’साठी सह्या गोळा करण्याचं काम चालू आहे. २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. त्या सह्यांची वही मैत्रिणीच्या हाती देऊन मी विमानात बसले, आणि गेले कुठे, तर बिअरच्या गावाला!

झालं असं की दादाच्या मुलीचा, आमच्या चिऊचा, पदवीदान समारंभ होता. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच निघालं. वहिनीला त्याला सोडून जाता येईना. ‘घरचं कुणीतरी हवं ना पोरीजवळ,’ म्हणून माझं तिकीट काढलं. चिऊ कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाच्या गावी शिकते. विषय अन्नशास्त्र. आम्ही घरी सगळ्यांना तेच सांगायचो. ‘दही, चीज, लोणची यांचं शास्त्र आहे म्हणे.’ ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं हे मला तिथे गेल्यावर कळलं.

गाव मला फार आवडलं. समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, पश्चिमेला रॉकी पर्वताच्या रांगा, मे महिन्यातही शिखरांवर बर्फ. मधून एक नदी वाहते, तिचं नाव कॅश ला पूडर. फ्रेंच शिकाऱ्यांनी बर्फात अडकल्यावर इथे बंदुकीची दारू लपवून ठेवली, म्हणून हे नाव पडलं अशी आख्यायिका आहे. म्हणजे नदीच्या नावातही दारूच, असं मी म्हटल्यावर चिऊ खो खो हसली. १८६४ मध्ये इथे लष्कराची छावणी पडली, कॉलिन्स नावाच्या अधिकाऱ्यावरून गावाला नाव मिळालं. मग शेतीचं कॉलेज निघालं, बीटपासून साखर करणारा कारखाना आला. कारखाना आणि कॉलेज, म्हणजे आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यासारखंच की!

जुन्या गावाला ते ‘ओल्ड टाऊन’ म्हणतात. विटांच्या आणि दगडाच्या दुमजली इमारती, वर कोरलेली सालं. रस्ते मात्र इतके रुंद की विचारू नका. पूर्वीच्या घोडागाड्या मधल्यामध्ये वळवता याव्यात म्हणून ते तसे आखले असं सांगतात. डिस्नेलँडमध्ये जी जुन्या गावाची गल्ली उभारली आहे, ती बेतणाऱ्यांपैकी एक चित्रकार, हार्पर गॉफ, याच गावात जन्मला. त्यामुळे तिथल्या काही इमारती इथल्या इमारतींवरून केल्या आहेत. म्हणजे जगभरची मुलं जे खोटं गाव बघायला तिकीट काढतात, ते खरं गाव मी फुकटात पाहिलं. चौकाचौकात रंगवलेले पियानो ठेवलेले. येणारा-जाणारा कुणीही बसतो, दोन मिनिटं वाजवतो आणि जातो. एक शाळकरी मुलगी पाठीवरचं दप्तर न काढताच वाजवत होती. मी तिथेच रेंगाळले. आपल्याकडे चौकात असा पियानो ठेवला तर त्याच्या पट्ट्या सकाळपर्यंत भंगारात गेल्या असत्या, असा एक दुष्ट विचार मनात आलाच!

समारंभ झाला. टोपी हवेत उडवून झाली, दादा-वहिनीला व्हिडिओ कॉल झाला, तिकडे रडारड झाली. दुसऱ्या दिवशी चिऊ म्हणाली, ‘आत्या, तुला एका ठिकाणी न्यायचं आहे. पण आधी चिडणार नाही असं सांग.’ मी म्हटलं, ‘लग्न केलंस का?’ ती म्हणाली, ‘नाही गं. त्याहून कठीण आहे.’

तिला नोकरी मिळाली होती. बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत!

मी काहीच बोलले नाही. आमच्या घरात या विषयावर बोलायचीच पद्धत नाही. आमचे धाकटे काका शाळामास्तर होते. अक्षर मोत्यासारखं, पाढे तोंडपाठ. ३९ व्या वर्षी दारूनं गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना रात्री शोधून आणायचं काम दादाकडे होतं. दादा तेव्हा दहावीत होता. एका पावसाळ्यात त्यानं काकांना नालीतून उचलून आणलं आणि विहिरीवर अंघोळ घातली, ते मी खिडकीतून पाहिलंय. दादानं आजतागायत कुणाच्या लग्नात सुद्धा जिथे बाटली फुटली तिथे पाणी प्यायलं नाही. त्या दादाची ही मुलगी. आणि त्याला तिनं अजून काही सांगितलेलं नव्हतं. ते मी सांगावं, हा तिचा बेत!

‘आधी बघ तरी,’ ती म्हणाली. ‘मग नाही म्हण.’

ओल्ड टाऊनमधल्या एका जुन्या विटांच्या इमारतीत ते टॅपहाऊस होतं. टॅप म्हणजे नळ, म्हणून आपण नळघर म्हणू! माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची परमिट रूम. दारावर मळका पडदा, आत लाल दिवा, बाहेर चकण्याची गाडी आणि आपण समोरून जाताना पदर सावरून पावलं उचलायची. इथे भिंतभर काचा, भरपूर उजेड, आत सगळं रस्त्यावरून दिसतं. दारात एका मुलानं चिऊचं ओळखपत्र पाहिलं. तिथे २१ वर्षांखालच्याला दारू देत नाहीत. त्यानं माझंही ओळखपत्र मागितलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! 

आत उघड्या विटांच्या भिंती, वर जाडजूड लाकडी तुळया. एका भिंतीतून ओळीनं नळ बाहेर आलेले, प्रत्येकाची मूठ वेगळी. वर फळ्यावर खडूनं बिअरचं नाव, प्रकार, दारूचं प्रमाण किती टक्के आणि भाव. आमच्या शेजारच्या टेबलावर एक आजी-आजोबा पत्ते खेळत होते. पलीकडे एक तरुण आई, बाबागाडीत झोपलेलं बाळ. टेबलाखाली कुत्रा, त्याच्यासाठी पाण्याचं भांडं. मी दहा मिनिटं नुसती माणसं मोजत बसले. ३४ माणसं, त्यात १५ बायका. ओरडणारं कुणी नाही, झिंगलेलं कुणी नाही. सवयीनं मी दाराकडे तोंड करून बसले होते. दारूबंदीच्या कामात ती खोड लागते.

चिऊनं स्वतःसाठी एक लाकडी फळी मागवली. फळीवर चार छोटे ग्लास, प्रत्येकात अर्ध्या पेल्याएवढी बिअर. फिक्या पिवळ्यापासून काळ्या कॉफीसारख्या रंगापर्यंत. चव बघण्यासाठी अशी फळी घ्यायची पद्धत आहे. माझ्यासाठी तिनं ‘रूट बिअर’ सांगितली. नावात बिअर असली तरी त्यात दारूचा थेंब नसतो, मुलं पितात. पहिला घोट घेतला आणि वाटलं, कुणी आयोडेक्स साखरेच्या पाकात कालवून दिलंय! ती मी शेवटपर्यंत संपवू शकले नाही.

मग पोरीनं मला शिकवायला घेतलं. बिअर म्हणजे मुळात चार वस्तू. पाणी, बार्ली, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे, आपण मटकीला आणतो तसे. मोड जरा फुटले की सुकवून भाजायचे. किती भाजलं त्यावर रंग ठरतो, कमी भाजलं तर पिवळी, जास्त भाजलं तर काळी. मग भरडून गरम पाण्यात ठेवायचं, म्हणजे धान्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्स घालून उकळायचा. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि नासतही नाही. गार झाल्यावर यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि दारू नि वायू सोडतं. एवढंच! चिऊचं काम त्या यीस्टवर लक्ष ठेवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, जिवंत किती, मेलेल्या किती, नको असलेला जंतू शिरला का ते पाहायचं.

तिनं खिशातून एका पुडीत मोड आणून भाजलेली बार्ली काढली. ‘वास घे.’ घेतला. हॉर्लिक्स! अगदी बाळंतिणीच्या खोलीतला हॉर्लिक्सचा वास. आणि खरंच की, हॉर्लिक्समध्ये तीच मोड आलेली बार्ली असते. आपण नाचणीला मोड आणून बाळाचं सत्त्व करतो, अंबील आंबवतो, इडलीचं पीठ फुगलं नाही तर सकाळी सकाळी हळहळतो. ‘आत्या, आजीचा हातच मी इथे वापरते. फक्त ती भांड्याला कान लावून ओळखायची, मी मशीन लावते.’ आमच्या आईचं नाव काढून पोरीनं मला बरोब्बर पकडलं. पण मोहाच्या फुलांनाही असाच गोड वास येतो, आणि मोहाच्या भट्ट्या फोडायला मी स्वतः काठी घेऊन गेले आहे, हेही मला त्याच क्षणी आठवलं.

बिअर ही मुळात बायकांची, असं ती म्हणाली. तेव्हा मी म्हटलं, आता काहीही! पण ते खरं आहे. सुमेर संस्कृतीत, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, बिअरची देवताच होती, निनकासी. तिचं सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचं स्तोत्र मातीच्या पाट्यांवर सापडलं आहे, त्यात बिअर कशी करायची ते येतं. इंग्लंडमध्येही कित्येक शतकं घराघरातल्या बायका बिअर करून विकायच्या. धंदा मोठा झाला, पैसा आला, तसा तो पुरुषांच्या हाती गेला. हे मात्र मला कुणी पुराव्यानं सांगायची गरज नव्हती. पापडाचंही आपण तेच पाहतो.

फोर्ट कॉलिन्सचा इतिहास तिनं मुद्दाम राखून ठेवला होता. या गावात ७३ वर्षं दारूबंदी होती! १८९६ ते १९६९. अख्ख्या अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी दारूबंदी होती हे आपण वाचलेलं असतं, कोलोरॅडो राज्यात ती १९१६ पासूनच आली. पण देशाची बंदी उठली तरी या गावानं कडक दारूला ३६ वर्षं दार उघडलं नाही, फक्त अगदी हलकी बिअर चालू दिली. आणि गंमत पाहा, कोलोरॅडोतल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला १८९३ मध्ये, गावातली बंदी आली त्यानंतर तीन वर्षांनी. त्या काळी अमेरिकेत दारूविरुद्ध सगळ्यात मोठी ताकद होती ती बायकांचीच. ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ ही संघटना १८७४ मध्ये स्थापन झाली. दारूड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या, पगाराच्या दिवशी दाराशी वाट पाहणाऱ्या बायकांचं दुःख त्यांनी चव्हाट्यावर आणलं, आणि त्यातूनच मताच्या हक्काकडे वळल्या. फ्रान्सिस विलर्ड त्यांच्या अध्यक्ष होत्या.

आणि इथे आपली एक बाई येते, मैत्रिणींनो. पंडिता रमाबाई! डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तिथे राहिल्या. फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली, या संघटनेचं कामही त्यांनी स्वीकारलं. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. त्यात या बायकांच्या संघटनेचीही माहिती आहे. एका मराठी मुलीच्या पदवीदानाला गेलेली एक मराठी बाई दारूबंदीचं काम घेऊन परत येते. आणि १३५ हून जास्त वर्षांनी मी दुसऱ्या मराठी मुलीच्या पदवीदानाला जाते आणि कुठे बसते? रमाबाईंची तुलना स्वतःशी करण्याचा आगाऊपणा मी करत नाही, पण त्या नळांच्या भिंतीसमोर बसून मला त्यांचीच आठवण आली एवढं खरं.

‘मग इतक्या वर्षांच्या बंदीचं झालं काय?’ मी विचारलं. चिऊ म्हणाली, ‘गावाबाहेर जाऊन लोक पीतच होते. चोरूनही विकली जायची.’ आमच्या जिल्ह्याची सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. बंदी असताना शेजारच्या जिल्ह्यांतून कुठून कुठून यायची ती! कुणी भाजीच्या टोपलीत आणायचं, कुणी ॲम्ब्युलन्समध्ये. तरीही मी सांगते, त्या सहा वर्षांत आमच्या गटातल्या किती तरी बायकांच्या घरी पगाराच्या दिवशी भाजी शिजली. हे कुठल्या अहवालात येत नाही.

त्याच फोर्ट कॉलिन्समध्ये आता बिअरचे लहानमोठे कितीतरी कारखाने आहेत. १९८९ मध्ये ओडेल नावाच्या नवरा-बायकोनं आणि नवऱ्याच्या बहिणीनं, म्हणजे नणंद-भावजयींनी मिळून, धान्याच्या एका जुन्या कोठारात बिअर सुरू केली. १९९१ मध्ये ‘न्यू बेल्जियम’ निघाली, एका घराच्या तळघरात. नवरा जेफ लेबेश इंजिनिअर, बायको किम जॉर्डन. ही किम जॉर्डन कोण होती म्हणाल? समाजसेविका! मी ऐकतच राहिले. घरचा संसार, मूल, समाजसेवेची नोकरी आणि उरल्या वेळात बाटल्या पोचवायच्या. पुढे तीच कंपनीची प्रमुख झाली. कामगाराला एक वर्ष पूर्ण झालं की कंपनी त्याला सायकल द्यायची. हळूहळू कंपनीची सगळी मालकी कामगारांच्या नावावर झाली. २०१९ मध्ये मात्र कामगारांनीच मतदान करून ती एका मोठ्या परदेशी कंपनीला विकली. मला त्याचं वाईट वाटलं. चिऊ म्हणाली, ‘वाईट कशाला, त्यांना पैसे मिळाले की.’ असेल. बचत गट मोडून बायका पैसे वाटून घेतात तेव्हाही मला असंच वाटतं, आणि तेव्हाही त्यांना पैसे हवेच असतात.

एवढं सगळं ऐकून मी विरघळले असं समजू नका. मीही वाचून गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दारूचा कुठलाही घोट आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. दारू कॅन्सरचं कारण आहे, बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचंही. बिअर असो, वाइन असो की आणखी काही, शरीराला आतली दारू तेवढी कळते. फळ्यावरच्या बिअरमध्ये पाच ते आठ टक्के होती. आपल्या दुकानातल्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के असते. फरक आहेच, पण चार ग्लास रिचवले तर तो भरून निघतो. हे मी चिऊला सुनावलं. ती म्हणाली, ‘हे मला वर्गातच शिकवलंय आत्या.’

‘आणि चाखता चाखता सवय लागली तर?’ 

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आमच्या वर्गातल्या एकाला लागली. तो आता कॉफीच्या कंपनीत आहे. बिअरच्या जवळ जात नाही.’ तिनं ते लपवलं नाही म्हणून मला जरा धीर आला. या धंद्यात बायकांना त्रास नाही का, तेही विचारलं. तर २०२१ मध्ये ब्रिएन ॲलन नावाच्या बिअर बनवणाऱ्या बाईनं ‘तुम्हाला काय काय सहन करावं लागलं’ एवढंच विचारलं आणि शेकडो बायकांनी आपापलं दुखणं लिहून काढलं. मोठमोठ्या लोकांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. २००७ पासून या कामातल्या बायकांची ‘पिंक बूट्स सोसायटी’ नावाची संस्था आहे, शिकायला शिष्यवृत्तीही देते. धंदाही आता पूर्वीइतका जोरात नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत नव्या निघालेल्या छोट्या कारखान्यांपेक्षा बंद पडलेले जास्त. म्हणजे नोकरीचा भरवसा तेवढाच!

आम्ही उठायच्या बेतात होतो तेव्हा एक गोष्ट घडली. काउंटरवर एक साठीचा गृहस्थ बसला होता. नीटनेटका, एकटा. त्यानं ग्लास पुढे सरकवला. काउंटरमागची पोरगी असेल पंचविशीची, हातावर गोंदलेलं, केस बांधलेले. तिनं ग्लास उचलला, भरला नाही. त्या जागी पाण्याचा ग्लास ठेवला आणि हळू आवाजात काही बोलली. तो कुरकुरला. आवाज थोडा चढला. मी आपोआप खुर्चीच्या टोकाला आले. माझ्या अनुभवात यानंतर ग्लास फुटतो किंवा हात उठतो. ती जागची हलली नाही. तिनं पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच हळू. त्यानं पाणी प्यायलं, पैसे ठेवले आणि तो गेला. बाहेर त्याच्यासाठी तिनं गाडी बोलावली होती. दिसायला झिंगलेल्या माणसाला आणखी दारू देणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे, चिऊनं सांगितलं.

मला आमच्या गटातली एक बाई आठवली. तिनंही एका रात्री नवऱ्याला एवढंच म्हटलं होतं, आता बास. डाव्या कानानं तिला अजून ऐकू येत नाही. ती म्हणते, ‘बास म्हटलं ते ऐकू आलं, त्याच्यानंतरचं नाही.’ या पोरीच्या ‘बास’मागे कायदा होता, मालक होता, समोर उजेड आणि माणसं होती. आमच्या बाईच्या मागे चूल होती. बाहेर पडल्यावर मी फुटपाथवर उभी राहून थोडी रडले. चिऊला वाटलं मला नोकरीचंच दुःख झालंय.

आणि तिथलं सगळं गोडगोड वाटू नये म्हणून हेही सांगते. शनिवारी रात्री अकराच्या सुमाराला तिच्या मैत्रिणीकडून जेवून परत येत होतो, त्याच चौकातून. त्याच रंगवलेल्या पियानोला धरून एक कॉलेजचा मुलगा ओकत होता. एक मुलगी त्याचे बूट हातात घेऊन उभी. कोपऱ्यावर पोलिसांच्या दोन गाड्या. दुपारचे पत्ते खेळणारे आजी-आजोबा तेव्हा झोपले असणार. ‘हे पण दाखवायचं होतं का?’ मी विचारलं. ‘नव्हतं,’ चिऊ म्हणाली, ‘पण दिसलं तर दिसलं.’

त्याच रात्री दादाला फोन लावला. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत होते. गुडघ्याचा व्यायाम झाला का, टाके कसे आहेत, असं सगळं झालं. मग मी सांगितलं. आधी नोकरीचं, मग टॅपहाऊसचं. पलीकडे इतकी शांतता की फोन कटला असं वाटलं. 

‘तू प्यायलीस?’

‘नाही.’

‘तिनं?’

‘चार घोट घेतले. उरलेलं तसंच ठेवलं.’

‘काकांना पण आधी चार घोटच लागायचे,’ दादा म्हणाला. मग वहिनीच्या हातात फोन दिला. वहिनीनं पगार विचारला, खोली कारखान्यापासून किती लांब ते विचारलं, रात्रपाळी असते का ते विचारलं. आईच ती.

मी चिऊला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की तुझ्या बापाला दर रविवारी तू स्वतः फोन करायचा, तो बोलला नाही तरी. आणि चाखलेल्या घोटांचा हिशोब वहीत लिहायचा. तिनं वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली.

मी परत येऊन आता तीन आठवडे झाले. आल्या आल्या सह्यांची वही मागून घेतली. नदीकडच्या ओळीत एकीनं विचारलंच, ‘ताई, तुमची भाची दारूच्या कारखान्यात लागली म्हणे? मग आम्ही सही कशाला करायची?’ बातमी माझ्याआधी पोचली होती. मी तिच्या ओट्यावर बसले आणि वर लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. त्या काउंटरवरच्या पोरीचंही. तिनं ऐकून घेतलं, चहा केला. ‘ह्यांना विचारून सांगते,’ म्हणाली. सही अजून केलेली नाही.

अजून ४१ सह्या कमी आहेत. येत्या रविवारी पुन्हा त्याच ओळीत जायचं आहे, सकाळी, पुरुष मंडळी उठायच्या आत. चिऊचे तीन रविवारचे तीन फोन झाले. दोन वहिनीनं उचलले. तिसरा दादानं उचलला. यीस्ट गार पाण्यात मरतं का, असं त्यानं विचारलं म्हणे.